हळदीच्या डीजेले जुना रॅप ओरिजिनल वाजवू का त्याचा रिमिक्स?

भाऊ, नवीन साऊंड घेतला तू, आता पेनड्राईव्ह भरताना इचारतो का जुनं हिपहॉप ओरिजिनल ठेवू का रिमिक्स, तं दोन्ही ठेव पण जागा वेगवेगळी. आपलं पब्लिक धुमालवर नाचणारं, त्याले सलग ठोका लागते, अन् जुन्या रॅपचा ठोका अडत अडत येते, पोट्टे दोन मिनिटात पाणी प्याले निघून जातात.

अमेरिकेच्या रन-डीएमसी या रॅप ग्रुपचं 'इट्स लाइक दॅट' पाह्य. ओरिजिनल १९८३ चं, ड्रम मशीन अन् रॅप, बाकी जवळपास रिकामं, अन् विषय काय तं बेरोजगारी, महागाई, म्हणजे आपल्या इकडचाच म्हण ना. जेसन नेव्हिन्स या डीजेनं १९९७ मध्ये त्याच आवाजाखाली हाऊसचा, म्हणजे क्लबात नाचाच्या संगीताचा सलग बीट टाकला अन् १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये गाणं ६ आठवडे एक नंबरवर होतं. शब्द शाबूत ठेवले म्हून मले हा रिमिक्स सगळ्यात इमानदार वाटते. भीमजयंतीले जुनी भीमगीतं डीजे मिक्समध्ये वाजतात तवा म्हातारे बी ताल धरतात ते शब्द ओळखीचे असतात म्हूनच. वरातीत डोळे झाकून हे लाव.

अमेरिकन रॅपर किड कडीच्या 'डे एन नाईट'चं उलटं झालं. रात्री झोप न येणाऱ्या एकट्या माणसाचं गाणं ते, अमेरिकेत ३ नंबरपर्यंत गेलं, ब्रिटनमध्ये मात्र २००९ च्या सुरवातीले इटलीच्या क्रूकर्स या डीजे जोडीचा रिमिक्स २ नंबरले पोचला. त्यायनं आवाजाचे तुकडे तुकडे केले, नाचाले मस्त, पण माणूस गायब. रात्रीच्या लाईनवर ओलित करायले जाशीन तवा कानात ओरिजिनलच लाव.

खरं डोकं 'रोझेस'वर लावा लागते. अमेरिकन रॅपर सेंट जॉनचं गाणं २०१६ चं, संथ, अंधारं, तेव्हा हिट झालंच नाही, म्हून रिमिक्सले गाण्याचा दुसरा जन्म म्हणतात ते इथं चूक, खरा जन्म रिमिक्सनंच दिला. कझाकस्तानच्या अक्सूचा इमानबेक, रेल्वेत काम करणारा पोट्टा, त्यानं २०१९ मध्ये आवाजाचा पिच चढवला, खाली घसरता बेस टाकला, २०२० मध्ये ब्रिटनमध्ये एक नंबर अन् २०२१ मध्ये थेट ग्रॅमी! मले ओरिजिनलचा जड आवाज जास्त आवडते, पण पिकअपवरच्या बॉक्सवर दोन्ही टाकून पाह्य, छातीत बसते थो रिमिक्सचाच बेस. फक्त क्लीन व्हर्जन घे, शिव्या आहेत, आजीले नाही समजत पण कॉन्व्हेंटच्या पोट्ट्यायले सारं समजते.

एरिक बी अन् रकीम या रॅप जोडीच्या 'पेड इन फुल'चा, कोल्डकट या ब्रिटिश डीजे जोडीनं केलेला रिमिक्स १९८७ चा, सात मिनिटांचा, मधात इस्रायली गायिका ओफ्रा हाझाचा आवाज येते. वरातीत नको, मिक्सिंग शिकाले घरी ऐक.

अन् 'रोझेस' साडेनऊच्या आत वाजवून घेजो, १० ले साऊंड बंद करा लागते.