मोफत वकील मिळाला, पण दारातलं टेबल उठलं

माझ्या अक्काला नवऱ्याकडून घटस्फोटाच्या दाव्याची नोटीस आली ती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टातून. ती आता सोलापुरात पूर्व भागात, आमच्याच घरी राहते आणि बिड्या वळते. मी घरी शिलाई करते. वकिलाची फी परवडणं शक्यच नव्हतं. ओळखीच्या बाईंनी १५१०० हा नंबर दिला. फोन केल्यावर कळलं की बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यात, १२ व्या कलमातच ते लिहिलंय.

या सेवेचा दीड वर्षाचा अनुभव लिहिते आहे. नोटीस हातात घेऊन रडत बसलेल्या बायका आमच्या गल्लीत अजून आहेत, त्यांच्यासाठी.

वकीलबाई चांगल्या मिळाल्या. एक रुपया मागितला नाही. हिंदू विवाह कायद्याच्या २४ व्या कलमाखाली दावा चालू असतानाच पोटगी आणि खर्च मागता येतो, हे त्यांनीच सांगितलं आणि अर्जही टाकला. याला पाचपैकी पाच.

पण खरा आधार होता तो कोर्टाच्या दारातल्या टेबलाचा. तिथं विधी स्वयंसेवक ताई बसायच्या. अक्का तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, मराठी बोलते पण वाचताना अडखळते. ताईंनी अर्जाच्या एकेका ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. सहीची वेळ आली तेव्हा अक्कानं विचारलं, "तेलुगूत केली तर चालंल का?" ताई म्हणाल्या, "चालतंय की, तुमची सही आहे ती." अक्काच्या अंगठ्याला तंबाखूचा रंग असतो, धुऊनही जात नाही. कागदाच्या कोपऱ्यावर तो पिवळट ठसा उमटला. तिला फार ओशाळल्यासारखं झालं. ताईंनी बघून न बघितल्यासारखं केलं. ही माणुसकी मी विसरणार नाही.

मग ते टेबल उठलं. आता तारखा मोबाईलवर बघा, असा कागद चिकटवला. त्या दिवशी आम्ही पहाटे निघून एसटीनं गेलो (मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच दिलासा) आणि कळलं, साहेब रजेवर, पुढची तारीख पडली. मेसेज गेला होता, पण अर्जावर नंबर भाच्याचा, आणि भाचा पुण्यात.

अक्का दिवसाला ७०० बिड्या वळते. त्या दिवशी एकही नाही. आदल्या रात्री भिजवलेली पानं वाळून गेली. बिडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये, जिथं वळलेल्या बिड्या जमा करतात तिथं, माल कमी भरला, तो भरून काढायला शेजारच्या सासू-सुना रात्री अकरापर्यंत आमच्या ओट्यावर बसल्या. माझ्याकडचे शाळेचे गणवेश दोन दिवस लांबले, गिऱ्हाईक बोललं. एका टेबलाचा हिशेब असा चार घरांत फिरतो, आणि तो कुठल्या रजिस्टरात चढत नाही.

मोबाईलला माझा विरोध नाही. केसचा १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर टाकला की ई-कोर्ट्स अ‍ॅपवर तारीख दिसते, मी शिकले. आता गल्लीतल्या आणखी तिघींच्या तारखा मीच बघते. तेवढा वेळ मशीन बंद राहतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलं, आपला जिल्हा त्यातच आहे. मुंबईचा हेलपाटा वाचला, आनंद आहे. पण अक्कासारखीचं काम अडतं ते तालुक्याच्या कोर्टाच्या दारात. अ‍ॅप ठेवा, पण तारखेच्या दिवशी तरी तिथं वाचून दाखवणारं माणूस बसवा. आमच्या जिल्ह्यात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं हजारोंनी आहेत.

जाणाऱ्यांनी एवढं करा: नोटीस, आधार आणि लग्नाचा पुरावा सोबत न्या. अर्जावर रोज जवळ असणाऱ्याचाच नंबर द्या. सीएनआर पिशवीत नाही, घराच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आमची पुढची तारीख गुरुवारी आहे. बुधवारी संध्याकाळी मी पुन्हा अ‍ॅप बघणार. ते बघून झाल्याशिवाय अक्का पानं भिजवणार नाही.