परदेशात निवृत्ती, सोबत मधुमेह आणि एक स्टेंट: आमच्या आरोग्य विम्याची अडीच वर्षं

आधी गुण सांगून टाकते, म्हणजे घाईतल्यांची सुटका. पॉलिसी, ५ पैकी ३. एजंट, ५ पैकी ४. कंपनीचं दाव्यांचं खातं, दीड. त्यातला अर्धा गुण शेवटी फोनवर भेटलेल्या एका बाईंचा, एरवी एकच दिला असता. कंपनीचं नाव लिहीत नाही. चार कंपन्यांचे मसुदे ओळ न् ओळ वाचले, अडचणीची कलमं सगळीकडे तीच होती, फक्त पानांचा क्रम वेगळा.

आमचं प्रकरण असं. ह्यांना १६ वर्षांपासून मधुमेह, रात्री इन्सुलिन, २०१९मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेला एक स्टेंट आणि रक्तदाबासाठी अर्धी गोळी. मला गुडघे सोडले तर काही नाही. निवृत्तीनंतर परदेशात कायमचं राहायचं ठरलं, तेव्हा घर आणि बँक दोन महिन्यांत उरकलं. विम्याला साडेसात महिने लागले. मी ३१ वर्षं अंतर्गत लेखापरीक्षणात काढली, त्यामुळे बारीक अक्षरातलं वाचायची खोड जुनीच आहे. ह्यांच्या भाषेत ‘किडा’.

आजार अंगात असला की देश निवडण्यापासूनच तो मध्ये येतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. थायलंडच्या निवृत्तांच्या ओ-ए व्हिसाला २०१९पासून आरोग्य विमा सक्तीचा आहे. स्पेनमध्ये बिनकमाईच्या व्हिसासाठी खासगी विमा आधी दाखवावा लागतो. तिथे रीतसर नोंदणीने वर्षभर राहिलं की दरमहा वर्गणी भरून सरकारी व्यवस्थेत शिरता येतं, आणि तिथे जुना आजार आड येत नाही. अमेरिकेत मुलांनी ग्रीन कार्ड करून दिलं तरी पासष्टी उलटलेल्या नव्या माणसाला मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी विमा, विकत घ्यायला सलग ५ वर्षांचं वास्तव्य लागतं. तोवर मार्केटप्लेसमधला (सरकारने चालवलेल्या विमाबाजारातला) खासगी विमा घ्यायचा, ज्यात २०१४पासून जुन्या आजारावरून नकार देता येत नाही. ऑस्ट्रेलियात गोष्ट उलटी. वैद्यकीय तपासणीत तुमच्यावरचा सरकारी खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे जाईल असं दिसलं तर कायमचा व्हिसाच अडू शकतो. म्हणजे कुठे विमा अडवतो, कुठे सरकार. आम्ही जिथे आलो तिथे सरकारी दवाखान्याचं दार नवख्याला लगेच उघडत नाही, म्हणून ही पॉलिसी.

एजंटचा कापलेला एक गुण इथला. पहिल्याच भेटीत तो म्हणाला, “मोरॅटोरियमवाली घ्या, वैद्यकीय फॉर्मच भरावा लागत नाही.” ऐकायला फार गोड. कलम काढून वाचलं. मागच्या ५ वर्षांत ज्या आजाराची लक्षणं, औषधं किंवा सल्ला घेतलेला असेल तो आजार वगळलेला. पॉलिसी सुरू झाल्यावर त्या आजारासाठी सलग २ वर्षं ना लक्षण, ना औषध, ना सल्ला, असं गेलं तरच तो आत येणार. आता ज्याला रोज सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्यायच्या आहेत, त्याची ही २ वर्षं सुरू तरी कधी होणार? औषध बंद करून दोन वर्षं जगून दाखवा, मग मधुमेहाचे पैसे देऊ, असा तो प्रकार. गुडघेदुखीवाल्या माझ्यासारखीला चालेल. स्टेंटवाल्याने या वाटेला जाऊ नये. हे मी एजंटला वाचून दाखवलं तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, “हे मी असं कधी पाहिलंच नव्हतं.” म्हणून एकच कापला.

मग आम्ही पूर्ण वैद्यकीय छाननीचा फॉर्म घेतला. २२ पानं. जेवणाच्या टेबलावर बसून मी विचारत होते, हे सांगत होते. अकराव्या पानावर रक्तदाब.

“तिथे नाही लिही.”

“अहो, गोळी घेता ना?”

“अर्धी. अर्ध्या गोळीला कुणी आजार म्हणतं का?”

त्यावरून अर्धा तास वाद झाला. मी ‘होय’वर खूण करून गोळीचं नाव, मात्रा आणि २०१७ हे वर्ष लिहिलं. ह्यांचं म्हणणं, आपणच आपल्या हाताने हप्ता वाढवून घेतोय. तो वाढलाही.

महिन्याने कंपनीचं उत्तर आलं. मधुमेह मान्य, पण हप्त्यावर ४० टक्के जादा भार. हृदय आणि रक्तवाहिन्यांचे सर्व विकार कायमचे बाहेर, “आणि त्यांच्याशी संबंधित सर्व स्थिती”. हे शेवटचे चार-पाच शब्द पेन्सिलने गोल करून ठेवा. मधुमेह घेतला म्हणता, पण मधुमेहाने डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, पायाची जखम यांचं काही झालं तर ते मधुमेहात धरणार की रक्तवाहिन्यांत? मी एकेक अवयव घेऊन प्रश्न विचारला आणि उत्तर ईमेलवर मागितलं. फोनवरच्या माणसाने तीनदा “होय मॅडम, सगळं कव्हर आहे” सांगितलं होतं. ईमेलवर मूत्रपिंडाचं उत्तर “प्रकरणानुसार” असं आलं. तोंडी आणि लेखी यांतला फरक मी नोकरीत रोज पाहिला, तरी प्रत्येक वेळी राग येतोच.

हृदयाबद्दल मी हार मानली नाही, आणि एजंटच्या उरलेल्या चारांतले दोन गुण इथले आहेत. पहिला नकार हा शेवटचा नसतो, कागद पाठवा, हे त्याने सांगितलं. काय पाठवलं ते लिहिते, कुणाच्या कामी येईल: अँजिओप्लास्टीची सीडी, स्टेंटचं कार्ड (त्यावर मेक, लांबी, व्यास, तारीख असते, पुष्कळांचं हे कार्ड हरवलेलं असतं, दवाखान्यातून नक्कल मिळते का ते निघायच्या आधीच विचारा), नवा इको (हृदयाची सोनोग्राफी), ट्रेडमिल टेस्ट, वर्षभराचे एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) आणि हृदयरोगतज्ज्ञांचं दीड पानी पत्र. पत्रात ‘प्रकृती उत्तम’ नको होतं. शेवटचा त्रास कधी, औषधात शेवटचा बदल कधी, पुढे काय तपासणी, अशा तारखा हव्या होत्या. विम्यात ‘स्थिर’ या शब्दाचा अर्थ बरं वाटणं नव्हे. ठरावीक काळात औषधाची मात्रासुद्धा बदललेली नसणं, असाही तो काही मसुद्यांत लावलेला असतो. डॉक्टरांनी गोळी कमी केली तरी तो बदलच. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं: कायमचा नकार मागे, त्याऐवजी २४ महिन्यांचा प्रतीक्षा काळ, म्हणजे तोवर हृदयाचे पैसे नाहीत, नंतर मिळतील. ह्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ‘किडा’ हा शब्द कौतुकाने वापरला.

रोजच्या औषधांचं काय? पॉलिसी त्यात जवळजवळ नाहीच. बाह्यरुग्ण खर्चाची (दाखल न होता होणाऱ्या खर्चाची) जोडपॉलिसी होती, पण तिची वार्षिक मर्यादा आणि तिच्यासाठीचा जादा हप्ता यांत फरक इतका थोडा की मी ती घेतली नाही. गोळ्या, इन्सुलिन, साखर तपासायच्या पट्ट्या आम्ही खिशातून घेतो.

आणि खरी परीक्षा झाली ती औषधांच्या दुकानात. येताना तीन महिन्यांची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या पत्रासह आणली होती. ती संपत आली तेव्हा कळलं की ह्यांची मधुमेहाची जोडगोळी इथे मिळतच नाही. मेटफॉर्मिन वेगळं, ग्लिमेपिराइड वेगळं, आणि विल्डाग्लिप्टिन सगळ्या देशांत नसतंच; अमेरिकेत तर त्याला मंजुरीच नाही. डॉक्टरांनी सिटाग्लिप्टिन दिलं. एका गोळीच्या तीन झाल्या. कंपनीची नावं पाठ असून काही उपयोग नाही, मूळ औषधाची नावं आणि मिलिग्रॅम लिहून जवळ ठेवा.

त्यानंतरचा प्रसंग आठवला की अजून पोटात गोळा येतो. काही देशांत इन्सुलिनची बाटली अजून मिलीला ४० युनिटची मिळते, बहुतेक ठिकाणी १०० युनिटची. सिरिंजही त्या त्या मापाची. ह्यांच्याकडे जुन्या, लाल टोपीच्या ४०वाल्या सिरिंज नव्वदेक उरल्या होत्या, आणि आमचे हे काही फेकून देणाऱ्यांतले नाहीत. दुकानातल्या बाईंनी नवी बाटली काउंटरवर ठेवली आणि सिरिंज हव्यात का विचारलं. हे म्हणाले, “नको, आहेत घरी.” त्या थांबल्या. “कोणत्या रंगाची टोपी?” मग त्यांनी केशरी टोपीची एक सिरिंज काढून कागदावर आडवी ठेवली, शेजारी पेनने जुनीचं माप काढलं आणि तीच रेघ दोन्हींवर दाखवली. जुन्या सिरिंजने १४च्या खुणेपर्यंत नव्या बाटलीतलं औषध ओढलं असतं, तर अंगात ३५ युनिट गेले असते. अडीच पट. तेही रात्री, झोपताना. त्या बाईंना मी ५ पैकी ५ देते. विमा कंपनीचा आणि त्यांचा काही संबंध नाही, म्हणून हे गुण वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

मापांचं आणखी एक. इथलं यंत्र साखर मिलीमोलमध्ये दाखवतं. पहिल्या सकाळी ६.८ आकडा पाहून ह्यांचा चेहरा उतरला. १८ने गुणायचं, म्हणजे आपल्या सवयीच्या मिलिग्रॅमच्या मापात १२२, हे फ्रीजवर चिकटवून ठेवलंय. एचबीए१सी ७ टक्के असेल तर इथल्या रिपोर्टमध्ये ५३ येतं, ते पाहून मात्र मीच दचकले होते.

आता दाव्याची गोष्ट. नवव्या महिन्यात पहाटे तीनच्या सुमारास ह्यांना छातीत जळजळ आणि डाव्या खांद्यात दुखणं सुरू झालं. प्रतीक्षा काळ चालू होता. खरं सांगायचं तर गाडीत बसताना माझ्या डोक्यात प्रतीक्षा काळ आला, आणि त्याची लाजही वाटली. इमर्जन्सीत ईसीजी काढला तर तरुण डॉक्टर गंभीर झाली, काही लीडमध्ये (ईसीजीच्या वेगवेगळ्या रेघांत) लहरी उलट्या दिसत होत्या. मी फाइल उघडून आदल्या वर्षीचा ईसीजी पुढे केला. तिने दोन्ही कागद दिव्याखाली शेजारी शेजारी धरले, एकेक लीड बोटाने मोजत गेली आणि म्हणाली, “हे जुनंच आहे.” तिचा खांदा खाली आला तसा माझाही. रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढतं ते) दोनदा, काही तासांच्या अंतराने तपासलं, दोन्ही वेळा ठीक. एक रात्र ठेवून घेतलं. निदान: अन्ननलिकेत येणारं आम्ल.

कंपनीने दावा नाकारला. कारण: हृदयविकार, प्रतीक्षा काळात. मी डिस्चार्ज सारांश पाठवला, निदानाच्या ओळीखाली रेघ मारून. उत्तर आलं की तपासण्या हृदयाच्या होत्या. मग त्यांचंच व्याख्यांचं पान काढून लिहिलं की वगळलेला आहे तो ‘आजारावरील उपचार’, आणि हा आजार निघालाच नाही. दरम्यान त्यांनी जुन्या डॉक्टरांकडून सगळी कागदपत्रं मागवली, २०१७पासूनची. काय शोधत होते हे उघड होतं. रक्तदाबाची ती अर्धी गोळी त्यांना सापडलीच असणार. ती फॉर्मवर होती, पान अकरा. ती तिथे नसती तर माहिती लपवली म्हणून अख्खी पॉलिसीच रद्द करायची सोय त्यांना होती.

अकरा आठवडे आणि सात केस नंबर. प्रत्येक फोनला नवा माणूस, आणि दर वेळी पहिल्यापासून कथा. शेवटी ज्या बाई भेटल्या त्यांनी स्वतः मागची पत्रं वाचली, तेवढ्यानेच काम झालं. पैसे आले. त्या रात्रीच्या इकोचे मात्र कापले, ‘हृदयाची तपासणी’ म्हणून. ट्रोपोनिनही हृदयाचंच, ते दिलं! हा तर्क मी अजून शोधते आहे.

मग तीन गुण कशाचे? एक, मधुमेह खरोखर आत आहे. गेल्या वर्षी पायाच्या जखमेसाठी चार दिवस दाखल करावं लागलं तेव्हा पूर्वमंजुरी दोन तासांत आली आणि बिल परस्पर भागलं. दोन, नूतनीकरण आजीवन आहे, आजार वाढला म्हणून बाहेर काढता येत नाही. कमी हप्त्याच्या एका पॉलिसीत वयाच्या ७०ला दार बंद होत होतं. आम्हाला पॉलिसीची गरज नेमकी तिथूनच. तीन, वैद्यकीय स्थलांतराचा खर्च आहे. फक्त ते ‘जवळच्या सक्षम रुग्णालयात’ नेतात, मायदेशी नव्हे, हे समजून घ्या. विमानात बसवून मुलांजवळ पोचवतील अशा कल्पनेत आम्हीही होतो.

हृदयाचा प्रतीक्षा काळ सहा महिन्यांपूर्वी संपला. मी तसं लेखी मागून घेतलं, आपोआप कुणी कळवत नाही. नूतनीकरणाची नोटीस मंगळवारी आली, हप्ता वयाप्रमाणे पुन्हा वाढलाय. सोबत एक पानी फॉर्म: मागच्या वर्षभरात औषधात काही बदल? ह्यांची रक्तदाबाची अर्धी गोळी मार्चपासून पूर्ण झाली आहे. फॉर्म टेबलावर आहे, ह्यांचा चष्मा त्याच्यावर आहे, आणि हे बाहेर फिरायला गेलेत.