बंब नऊ महिने पेटवल्यावर: सगळा घोळ राखेच्या दाराचा

मे महिन्यात आमच्या पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबाची जाळी, म्हणजे ज्यावर लाकूड जळतं ती, जळून गळून पडली. आजोबांच्या वेळचा बंब, चाळीस लिटरचा. गीझर घ्या म्हणणारे घरात दोघं होते, पण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला राहून पावसाळ्यात विजेच्या भरवशावर अंगाला साबण लावायचा, ही हिंमत माझ्यात नाही. म्हणून वेल्डरकडून तळच नवा करून घेतला: जाड सळ्यांची जाळी, खाली राखेचा कप्पा, त्याला बिजागरीचं दार. साडेअठराशे रुपये मोजले.

पहिला महिना मी खूश. पूर्वी पाऊण तास लागायचा, आता अर्ध्या तासात पाणी कढत. पेटला की भर्र आवाज करायचा. दोन पाहुण्यांना मी हेच काम करून घ्या म्हणून सांगितलंही होतं. ते शब्द मागे घेतो, निदान निम्मे तरी.

कारण जूनअखेर बघतो तर पडवीतलं सरपण अर्ध्यावर. आई म्हणाली, "बंब पाणी तापवतोय की आभाळ?"

आधी खापर लाकडावर फोडलं. वखारीतून आणलेला अकेशिया ओलसर होता, हे खरंच. ताज्या तोडीच्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. म्हणजे किलोमागे अर्धा लिटर, आणि तेवढ्या पाण्याची वाफ करायलाच तीनशेच्या वर किलोकॅलरी उष्णता जाते, आणि ती वाफ तुमच्या आंघोळीच्या कामाची नाही. म्हणून गेल्या साली फोडून ठेवलेली काजूची लाकडं काढली. फरक पडला, पण पोटभर नाही. ताणकाट्यावर मोजलं, सुकं लाकूडसुद्धा रोज तीन किलो!

मग वहीच काढली. चाळीस लिटर पाणी चोवीस अंशावरून साठवर न्यायला १,४४० किलोकॅलरी लागतात. सुकं लाकूड किलोला साधारण साडेतीन हजार देतं. म्हणजे काहीच वाया गेलं नाही तर अर्ध्या किलोच्या आतच भागायला हवं. आम्ही जाळतोय तीन किलो. सातातले सहा भाग धुराड्यातून वर.

उत्तर सापडलं ते शेजारच्या अक्कांमुळे. चुलीला विस्तव मागायला आल्या, बंबाचा आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "बागला मुच्चरी की! केवढा वारा पितंय ते." बागला मुच्चरी म्हणजे कन्नडमध्ये दार लावा.

दार लावलेलंच होतं हो! पण ते दार म्हणजे नुसता देखावा. बिजागरी एवढी ढिली की खालच्या बाजूला बोटभर फट. त्या फटीतून वारा आत, जाळ पाण्याच्या मधोमध असलेल्या तांब्याच्या नळीतून सुसाट वर. तांब्याला धग लागायला वेळच मिळत नाही. त्या भर्र आवाजाचंच मी कौतुक करत होतो.

वेल्डरदादांकडे गेलो. "वारा लागल्याशिवाय पेटतंय होय?" म्हणाले. पेटवताना हवाच, मान्य. पण जाळ धरल्यावर? तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला चाळीस रुपये घेऊन नवी बिजागरी लावून दिली, आणि तीही ढिली. साडेअठराशेचं काम आणि मन अडकलंय चाळीस रुपयांत, हे मलाही कळतं.

शेवटी मीच पत्र्याची पट्टी कापून फटीवर बसवली, दाराला आतून विटेचा तुकडा टेकवला, आणि नळीच्या झाकणाला सरकती चकती केली. पेटवताना सगळं उघडं. जाळ धरला की खालचं दार लावायचं, चकती अर्धी ओढायची. लाकूड अंगठ्याएवढं बारीक फोडायचं, एका वेळी दोनच तुकडे.

पहिल्या आठवड्यात हावरटपणा केला, चकती जवळजवळ पूर्ण बंद केली. लाकूड नुसतं धुमसत राहिलं, पाणी कोमट आणि नळीत डांबरासारखा चिकट थर. खरवडायला दोन रविवार गेले. काजळीचा थर धग अडवतो, म्हणजे वाचवायला गेलो आणि उलट जास्त जळालं. शिवाय अशा कोंडलेल्या जाळातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. आमचा बंब उघड्या पडवीत आहे म्हणून निभावलं. ज्यांचा बंद न्हाणीत आहे त्यांनी चकतीला हात लावू नये, आधी बंब बाहेर काढावा.

आता काटा एक किलो सहाशेच्या आसपास थांबतो. पाणी तापायला चाळीस मिनिटं लागतात, लागू देत. दर पंधरवड्याला नळीतून नारळाचं सोडण फिरवतो. आंघोळी एकामागोमाग उरकायच्या, नाहीतर शेवटच्यासाठी पुन्हा पेटवावं लागतं. शेवटचा नेहमी आमचा धाकटा, त्याच्यावर उपाय सापडलेला नाही.

विटेचा तुकडा मात्र दर महिन्याला तडकतो. काल चौथा बदलला. बिजागरी जुन्या बाजारातून आणून स्वतःच बसवणार आहे. वेल्डरदादांकडे जाणार नाही.