शनिवारचा 'जगातले धर्म आणि राजकारण' वर्ग, जमत असेल तर लावाच

डोंबिवलीत एका जुन्या वाचनालयाने यंदा शनिवारी संध्याकाळी हा वर्ग चालू केलाय, फी दीड हजार, नोट्सच्या झेरॉक्स त्यातच येतात. बऱ्याच जणांनी विचारलं कसा आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे इथे कुठला धर्म चांगला नि कुठला वाईट ही भांडणं होत नाहीत. सर इतिहासाचे रिटायर्ड प्रोफेसर आहेत, ते दर वेळी एवढंच विचारायला लावतात की हे कोण म्हणतंय, कधी म्हणतंय आणि तेव्हा सत्ता कोणाच्या हातात होती.

दक्षिण आफ्रिकेचा तास तर प्रत्येकाने ऐकावा असा. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चने (डच वंशाच्या गोऱ्यांचं मोठं ख्रिस्ती चर्च) १८५७ मध्येच काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या प्रार्थना चालतील असं ठरवलं होतं, आणि १९४८ नंतर वर्णभेद सरकारी धोरण झाल्यावर त्याला बायबलचे दाखले पुरवले, बाबेलच्या बुरुजाची गोष्ट सांगून की देवानेच माणसं वेगळी केली म्हणे. आणि तेच बायबल हातात घेऊन डेस्मंड टुटू हे काळे पाद्री वर्णभेदाविरुद्ध उभे राहिले. त्याच गोऱ्या चर्चमधले बेयर्स नॉडे नावाचे पाद्री विरोधात गेले, पद सोडावं लागलं, पुढे सरकारने त्यांच्यावर सात वर्षं बंदी घातली. १९८२ मध्ये ओटावाला जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चच्या संघटनेने वर्णभेदाचं धार्मिक समर्थन म्हणजे पाखंड असं जाहीर केलं आणि या चर्चचं सदस्यत्व स्थगित केलं, म्हणजे धर्माला धर्मातूनच उत्तर मिळालं. हे ऐकताना हॉलमध्ये कोणी हललं नाही.

दुसरा तास १९५६ सालावर. त्या वर्षी श्रीलंकेत भिक्खू प्रचाराला उतरले, बंडारनायके निवडून येऊन पंतप्रधान झाले आणि फक्त सिंहली ही राजभाषा असा कायदा झाला, तमिळ लोक बाजूला पडले. तीन वर्षांनी बंडारनायक्यांवर गोळ्या झाडणारा पण भिक्खूच. आणि त्याच १९५६ मध्ये १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांसोबत धम्म स्वीकारला, जातीच्या बाहेर पडायला. तिकडे बहुसंख्याकांचं बळ, इकडे पिढ्यान् पिढ्या दाबलेल्यांची सुटका, आणि दोन्हीकडे बुद्धाचंच नाव. मला वाटतं हा एक तास जरी कॉलेजच्या पोरांना मिळाला ना तर व्हॉट्सॲपवर 'अमुक धर्म असाच असतो' छाप मेसेज पुढे ढकलायच्या आधी ती थांबतील.

इराणचा भागही बरा झाला, १९७९ ची क्रांती, खोमेनींचा धर्मगुरूंच्या राज्याचा सिद्धांत, आणि इराकमधल्या नजफचे अयातुल्ला खोई यांच्यासारख्या मोठ्या शिया धर्मगुरूंना तो पटला नव्हता हे बहुतेक जण पहिल्यांदाच ऐकत होते.

आता तक्रारी. ज्यू धर्म अर्ध्या तासात गुंडाळला, हे मला अजिबात पटलेलं नाही. अलिबाग-पेणकडचे बेने इस्राएली लोक, घरात मराठी बोलणारे, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद म्हणून गावात शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे, त्यांच्याबद्दल एक शब्द नाही! इतकं जवळचं उदाहरण सोडून कसं चालेल. शीख धर्म तर वेळापत्रकातच नाही. झेरॉक्स फिकट आहेत, आणि हॉलमध्ये मागे बसलात तर पंख्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही, पुढे जागा धरा.

प्रश्न विचारायला मोकळीक आहे पण, हे खरंच महत्त्वाचं. एका काकांनी चिडून विचारलं तरी सरांनी शांतपणे पुस्तक उघडून दाखवलं, आवाज चढवला नाही.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, नावनोंदणी वाचनालयातच, ऑनलाइन सोय नाही. सातवी-आठवीच्या मुलांना जड जाईल, दहावीच्या पुढच्यांना आणा. आणि जे कोणी जाल त्यांनी बेने इस्राएल आणि शिखांवर पूर्ण तास ठेवा असं ऑफिसात लिहून द्या, मी दिलंय.