खगोल-कॅमेऱ्यासाठीचा ‘स्पेशल’ यूएसबी हब, आणि माझे २१,८७० रुपये

एकवीस हजार आठशे सत्तर. आकडा आधीच सांगतो. बायकोला आजवर अकरा हजारच माहितीयत, उरलेले तिला हे वाचूनच कळतील. मी ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. ओहमचा नियम दरवर्षी फळ्यावर लिहितो. आणि मला एका माणसानं वायर विकून फसवलं, ते पण दोनदा. पहिल्यांदा माल विकून आणि दुसऱ्यांदा त्याच मालाचं खापर माझ्या कॅमेऱ्यावर फोडून. लाज वाटते म्हणून इतके दिवस गप्प होतो, पण तो माणूस आजही तेच विकायलाय, म्हणून लिहितोय.

माझा सेटअप असा. मामाचं शेत अंबाजोगाईच्या अलीकडं बालाघाटाच्या उतारावर आहे, तिथं आकाश चांगलं काळं मिळतं. दुर्बीण उघड्यावर अंगणात, आणि लॅपटॉप आत आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात, कारण थंडीत दव एवढं पडतं की पहाटेपर्यंत कीबोर्ड ओला होतो. म्हणजे पाच मीटर लांब केबल पाहिजे. दुर्बिणीवर मुख्य कॅमेरा, ताऱ्यावर नजर ठेवणारा गाइड कॅमेरा, फोकस करणारा मोटारवाला फोकसर आणि दुर्बीण फिरवणारं माउंट अशा चार गोष्टी, चौघांचं यूएसबी, म्हणून एका पोर्टाची अनेक पोर्टं करणारा हब पण पाहिजे. माझ्याकडं चारशे रुपयांचा साधा हब होता, अ‍ॅडॉप्टर नसलेला, त्याच्यावर कॅमेरा मधेच गायब व्हायचा. ते स्वाभाविकच होतं. लॅपटॉपचं यूएसबी ३ चं पोर्ट नियमानं ९०० मिलीअँपिअर देतं आणि यूएसबी २ चं ५००, त्यात चार जण कसे जेवणार. म्हणून अ‍ॅडॉप्टरवर चालणारा पॉवर्ड हब घ्यायचं ठरवलं. इथपर्यंत मी बरोबरच होतो, हे मला आजही म्हणायचंय.

हा माणूस आकाशनिरीक्षणवाल्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होता. कुणाचंही कनेक्शन तुटलं की रात्री एक वाजता उत्तर द्यायचा, आणि उत्तरं बरोबर असायची. कुणाला पॉवर सेटिंगमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट झोपवणारी सेटिंग) बंद करायला सांगितलं, ते खरंच लागू पडलं. कुणाला सांगितलं वायरलेस माउस यूएसबी ३ च्या हबजवळ ठेवू नको, हबचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवर येतो, ते पण खरं. दोन-तीन महिने असं फुकट शिकवणाऱ्या माणसावर विश्वास बसणारच ना. तुमचा पण बसला असता. मग हळूच एक दिवस म्हणाला, सर, मी बाहेरून अ‍ॅस्ट्रोसाठी खास हब मागवतो, थोडेच पीस आहेत.

२०२४ ची दिवाळी नुकतीच झालती. सात पोर्टचा यूएसबी ३ पॉवर्ड हब ६,८५० रुपये. पाच मीटरच्या दोन केबल, १,४७५ ला एक, म्हणजे २,९५०. बारा व्होल्ट पाच अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर १,२००. कुरिअर ३५०. झाले ११,३५०. सगळे यूपीआयनं, एकाच वेळी, बिल नाही. बिल मागितलं तर म्हणाला जीएसटी लावून तेराच्या वर जाईल सर, आपल्यात कशाला. बिल नाही म्हणलं की माल परत पाठवायचा, एवढं तरी करा.

सामान आलं, दिसायला भारी. काळी जाळी चढवलेली जाड केबल, निळी पोर्टं, हबची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची. निळा रंग यूएसबी ३ ची खूण, पण त्याच्यावर जाऊ नका. तो रंग कुणीही प्लास्टिकमध्ये ओततो.

पहिल्याच रात्री गुरू लावला. तेव्हा गुरू वृषभ राशीत रोहिणीच्या जवळ होता, ७ डिसेंबरला प्रतियुती, म्हणजे गुरू सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, आपल्या अक्षांशावरून मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर. एवढा वर गुरू म्हणजे हवेचा थर सगळ्यात पातळ, अशी संधी दरवर्षी येत नाही. ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी सांगतो, गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत फिरतो, त्यामुळं व्हिडिओ दोनेक मिनिटांचाच घ्यायचा असतो, नाहीतर तपशील पुसट होतो, आणि त्या दोन मिनिटांत जेवढ्या जास्त फ्रेम तेवढं चित्र चांगलं. १९२० बाय १०८० ची ८ बिटची एक फ्रेम दोन एमबीची. यूएसबी ३ वर माझा कॅमेरा सेकंदाला शंभरच्या वर देतो. त्या रात्री आल्या अठरा. फ्रेम लहान कापून घेतली की वेग वाढायचा, पण फोकसरचं बटण दाबलं की लॅपटॉपचा तो कनेक्शन तुटल्याचा आवाज, आणि कॅमेरा गायब. परत जोडा, परत फोकसर, परत गायब. मोटार फिरली की कॅमेरा मरतो. फिजिक्सच्या मास्तराला याच्यापेक्षा सरळ इशारा अजून काय पाहिजे होता.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की मला झोप लागत नाही.

रात्री साडेबाराला वैतागून मी लॅपटॉप बाहेर उचलून आणला, स्टुलावर ठेवला, आणि कॅमेऱ्याच्या डब्यात आलेली मूळची छोटी केबल थेट लॅपटॉपला लावली. हब नाही, लांब केबल नाही. चाळीस मिनिटं कॅमेरा चालला. एकदाही तुटला नाही. फ्रेम शंभरच्या वर. फोकसर त्याच्या वेगळ्या पोर्टवर फिरवला तरी काही नाही. निकाल तिथंच लागलेला होता! कॅमेरा ठणठणीत, दोष हबमध्ये नाहीतर केबलमध्ये. मामेभाऊ शेजारीच शेकोटीजवळ बसला होता, तो म्हणला पण, “दादा, मंग ती नवी वायरच खराब हाय की.” त्यानं आयुष्यात दुर्बिणीला हात लावलेला नाही. त्याला कळलं.

मी काय केलं? मी त्या माणसाला मेसेज केला. तो म्हणाला, सर, छोट्या केबलवर सिग्नल एवढा स्ट्राँग असतो की कॅमेऱ्याच्या बोर्डाचा फॉल्ट झाकला जातो, लांब केबलवर तो उघडा पडतो. मी म्हणलं, पण सॉफ्टवेअर हबवरून कॅमेऱ्याला यूएसबी २, म्हणजे जुनं हळू कनेक्शन, दाखवतंय. तो म्हणाला ड्रायव्हर जुना असला की तसंच दाखवतं. आणि मी ते ऐकलं. मला त्याचं वाक्य शास्त्रीय वाटलं, कारण ते माझ्याच भाषेत होतं, सिग्नल, बोर्ड, फॉल्ट. कॅमेरा पन्नास हजारांच्या वरचा, तोच बिघडला असेल ही भीती एवढी बसली की डोळ्यासमोरचा प्रयोग मी खोटा मानला.

२ डिसेंबरला कॅमेरा त्याच्याकडं ‘रिपेअर’ला पाठवला. विम्यासकट कुरिअर ७२०. बोर्ड बदलायचे आणि सेन्सर साफ करायचे ९,८००, आगाऊ. म्हणजे अजून १०,५२०. ७ डिसेंबरला गुरूची प्रतियुती झाली, आकाश काचेसारखं स्वच्छ, आणि मी आखाड्यावर नुसत्या डोळ्यांनी बघत बसलो. गुरूची प्रतियुती साधारण तेरा महिन्यांनी येते. पैशापेक्षा ती रात्र जास्त लागली.

२६ तारखेला कॅमेरा परत आला. लावला, आणि फ्रेममध्ये वरच्या डाव्या कोपऱ्यात तोच धुळीचा ठिपका, त्याच जागी, त्याच आकाराचा, जो माझ्या ऑक्टोबरच्या प्रत्येक फ्लॅट फ्रेममध्ये (एकसारख्या उजेडाचा फोटो, त्यात धूळ उठून दिसते) आहे. दोन्ही फ्रेम एकावर एक ठेवून पाहिल्या, तंतोतंत. सेन्सर साफ केला म्हणे! कॅमेरा उघडलाच नव्हता. त्याला विचारलं तर दोन दिवस उत्तर नाही, मग ग्रुपमधून मलाच काढलं. रिपेअरला काही द्यायच्या आधी एक फ्लॅट फ्रेम काढून ठेवा, याच्यासारखा पुरावा नाही.

मग मी ब्लेड घेतलं आणि केबलची जाळी सोलली. आतल्या आवरणावर छापलेलं होतं, २८ एडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचं माप, गेज)/१पी, आणि पुढं २८ एडब्ल्यूजी/२सी. म्हणजे डेटाची फक्त एक जोडी आणि पॉवरच्या दोन बारीक तारा. ही साधी यूएसबी २ ची केबल. यूएसबी ३ ला डेटाच्या अजून दोन जोड्या लागतात, त्या आत नव्हत्याच, नुसतं कॅमेऱ्याच्या बाजूचं कुबड असलेलं टोक यूएसबी ३ चं बसवलेलं. जाळी त्यासाठीच होती. लॅपटॉपच्या बाजूच्या टोकात टॉर्च मारून बघा, पुढं चार पट्ट्या आणि आत मागं पाच छोट्या, एकूण नऊ पाहिजेत. माझ्यात चार. हबमधलं प्रत्येक निळं पोर्ट पण चारच पायांवर सोल्डर केलेलं.

आता हिशेब बघा, जो मला आधी करायला पाहिजे होता. २८ गेजच्या तांब्याच्या तारेला मीटरला ०.२१ ओहम धरा. पाच मीटर जायचे, पाच यायचे, २.१ ओहम. अर्धा अँपिअर गेला की एक व्होल्ट वाटेतच संपला. कॅमेरा त्या लांब केबलवर एकटा लावून यूएसबीचा छोटा मीटर मधे घातला, तीनशे रुपयांना मिळतो, तर पाचच्या जागी ४.३ व्होल्ट. हब कॅमेऱ्यापाशी ठेवून त्याच्यावर सगळी चारी उपकरणं लावली आणि फोकसर फिरवला, तर हबच्या पोर्टवरच ३.९. त्याचा पाच अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर हातात घेतला तरी कळतं, आत काही वजनच नाही. आणि पाच मीटरचं मी जे मागितलं तेच मुळात अवघड होतं. साधी यूएसबी २ केबल पाच मीटरपर्यंत ठीक, यूएसबी ३ ला तीन मीटरच्या पुढं साध्या केबलवर भरवसा नाही, मधे सिग्नल वाढवणारी अ‍ॅक्टिव्ह केबल लागते. ‘स्पेशल पाच मीटर यूएसबी ३’ स्वस्तात कुणी देत असेल तर जाळीखाली काय छापलंय त्याचा फोटो मागा.

पोलिसांचं सांगतो. ठाण्यात गेलतो तर आधी विचारलं, कॅमेरा म्हणजे सीसीटीव्ही का. दुर्बिणीचा म्हणलं तर हसले. मग म्हणाले हा दिवाणी मामला आहे, तुम्ही माल घेतला, त्यानं माल दिला, फसवणूक कुठाय. मी जुन्या ४२० चं नवं कलम, भारतीय न्याय संहितेचं ३१८, मोबाइलवर दाखवलं. मग म्हणाले आरोपी परजिल्ह्यातला, हद्द आमची नाही. हद्द नसली तरी तक्रार नोंदवून घ्यायची असते, हे आता कायद्यातच लिहिलंय, तरी नाही. तीन चकरा झाल्या, प्रत्येक वेळी कॅज्युअल लीव्ह टाकून. तिसऱ्यांदा एकानं चहा पीत पीत सांगितलं, “मास्तर, शिकलेला माणूस असून तुम्हीच बघून घ्यायला नको होतं का?” तिथून सायबरवाल्यांकडं पाठवलं, ते म्हणाले तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे पाठवलेत, हे सायबरमध्ये बसत नाही. बँकेनं पण हेच पिनचं तुणतुणं वाजवलं, आणि चार दिवसांनी मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं निराकरण झाले आहे. कशाचं निराकरण? एक रुपया आला नाही, कुणी फोन केला नाही! माझ्या टेबलावर सोललेली केबल, मीटरचे फोटो, दोन फ्लॅट फ्रेम, सगळे मेसेज फाइल करून ठेवलेत, आणि एकाही माणसानं ती फाइल उघडून बघितली नाही. चोरानं खिसा कापला तर लिहून घेतात, ज्ञान सांगून कापला तर तुमचीच चूक.

पैसे गेल्या गेल्या १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला पाहिजे होता, मी सात आठवडे लावले, ती चूक माझी. ग्राहक आयोगात आता तक्रार टाकली आहे. २०१९ च्या कायद्यामुळं ती आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येते, विकणाऱ्याच्या गावी जायची गरज नाही, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, तेवढी जाऊ देऊ नका.

सध्या लॅपटॉप दुर्बिणीजवळच ठेवतो, खोक्यात घालून वरून चादर. ६५० ची दोन मीटरची साधी पण खरी यूएसबी ३ केबल कॅमेऱ्याला थेट, आणि गाइड कॅमेरा, फोकसर, माउंट एका साध्या पॉवर्ड यूएसबी २ हबवर, कारण त्यांना यूएसबी ३ लागतच नाही. एक रात्र पण तुटलेलं नाही.

त्या ग्रुपवरून सात निळ्या पोर्टचा, अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीचा हब ज्यांनी घेतलाय त्यांनी आज टॉर्च मारून पट्ट्या मोजा. चारच निघाल्या तर केबल फेकू नका, जाळी सोलून छपाईचा फोटो काढा आणि मला पाठवा, आयोगापुढं एकट्याचे २१,८७० आहेत, अजून तीन-चार जणांची कागदं जोडली तर त्याला हजर राहावंच लागेल.