‘घरी टेप केलेला हरवलेला भाग’ : या डिस्कांना पैसे मोजावेत का?

वर्णन ठरलेलं असतं. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचा १९६६ सालचा भाग, अधिकृत संग्रहात नाही, कुणाच्या तरी काकांनी घरच्या मशीनवर टेप केलेला, पुढे व्हीएचएसवर उतरवलेला, आता डीव्हीडीवर किंवा फाइल म्हणून मिळेल. मूळ रीळ ‘फार नाजूक’ असल्यामुळे दाखवता येणार नाही. हे परीक्षण कुणा एका विक्रेत्याचं नाही. माल कुठूनही आला तरी आत तीनपैकी एक गोष्ट निघते आणि तिन्हींची लायकी सारखी नाही.

पहिली म्हणजे जुळणी. ‘डॉक्टर हू’च्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे, कारण त्या वेळच्या प्रेक्षकांनी तो घरच्या टेपरेकॉर्डरवर घेऊन ठेवला. त्यातल्या बऱ्याच भागांची जॉन क्युरा यांनी टीव्हीच्या पडद्यावरून काढलेली छायाचित्रं आहेत, एका भागाची साधारण ६० ते ८०. आवाजावर ही छायाचित्रं बसवली की जुळणी तयार. पाहायला छान असते, पण ती चाहत्यांनी केलेली आहे आणि मुळात फुकट वाटली गेलेली आहे. तिला ‘रेकॉर्डिंग’ म्हणून विकणं ही सरळ लबाडी.

दुसरी म्हणजे तुकड्यांची गोधडी. ऑस्ट्रेलियाच्या सेन्सॉरने कापलेले काही तुकडे १९९६ साली तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडले. शिवाय तिथल्याच एका प्रेक्षकाने ८ मिमी कॅमेरा टीव्हीसमोर धरून घेतलेली मूक दृश्यं आहेत. हे सगळं अधिकृत डिस्कांवर कधीच येऊन गेलंय. चार तुकडे जोडून त्यांवर धूसरपणा चढवला की ‘अर्धवट वाचलेली टेप’ तयार होते.

तिसरा प्रकार पूर्ण बनावट, आणि खरी तपासणी लागते ती इथे.

मुळात असं रेकॉर्डिंग अशक्य होतं, असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. नॉटिंगहॅमचं टेलकॅन हे घरगुती मशीन १९६३ साली दाखवलं गेलं. पाव इंची टेप, सेकंदाला सुमारे १२० इंच वेग, एका ट्रॅकवर साधारण २० मिनिटं. सोनीची सीव्ही ही व्हिडिओ मशीनची मालिका १९६५ची, अर्ध्या इंची रिळांची. घरात ट्यूनर आणि टायमरसकट ठेवता येईल असं सुटसुटीत मशीन मात्र १९७२च्या फिलिप्स एन१५०० पासून आलं. व्हीएचएस जपानात १९७६ला निघालं आणि ब्रिटनमध्ये १९७८ला पोचलं. त्यामुळे पहिला प्रश्न एवढाच : मशीन कोणतं? टेलकॅनचं नाव सांगून २५ मिनिटांचा भाग एका दमात, न तुटता दाखवत असतील, तर टेपच पुरत नाही. ‘१९७४ साली थेट व्हीएचएसवर’ म्हणत असतील, तर फोन ठेवा.

मशीन शक्यतेत बसलं की चित्राच्या दोषांकडे वळावं. प्रत्येक यंत्रणा चित्र आपल्या पद्धतीने खराब करते. बनावट करणाऱ्याला चित्र खराब करता येतं, पण कोणत्या पद्धतीने करायचं हे बहुधा ठाऊक नसतं.

टीव्हीचं चित्र आडव्या रेषांनी बनतं; ब्रिटनमध्ये जुनी पद्धत ४०५ रेषांची, नवी ६२५ची. बीबीसी वन १५ नोव्हेंबर १९६९ ला ६२५ रेषांवर रंगीत झालं. त्याआधीचा त्याचा कार्यक्रम घरी टेप झाला असेल तर तो ४०५ रेषांचाच असणार. बीबीसी टू एप्रिल १९६४ पासून ६२५ वर होतं, म्हणून वाहिनी कोणती ते आधी पाहा. ४०५च्या प्रक्षेपणात पडद्याचा उजळ भाग म्हणजे जास्त ताकदीचा सिग्नल. खिडकीखालून एखादी मोटारसायकल गेली की तिच्या ठिणगीचा गोंधळ पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारखा उडायचा. आवाजही एएम पद्धतीचा असल्यामुळे त्याच क्षणी स्पीकरमध्ये तडतड व्हायची. ६२५मध्ये सगळं उलट : ठिपके काळे, आवाज एफएम आणि बराच स्वच्छ. आता ‘१९६६’ची डिस्क लावा. काळे ठिपके भुरभुरतायत आणि आवाज मात्र शांत आहे? मग तो गोंधळ संगणकातला. काही सेटमध्ये ठिपके दाबणारं सर्किट असायचं, म्हणून ठिपके नसणं हा कशाचाच पुरावा नाही.

रेषांचं सोंग त्याहून ठळक पकडता येतं. बनवणारे बहुतेकदा एकाआड एक काळी रेघ सगळ्या पडद्यावर पसरवतात, कारण ‘जुना टीव्ही’ म्हटलं की लोकांना तेच आठवतं. ४०५चं चित्र खरोखर ६२५वर उतरवताना असं होत नाही. ४०५मध्ये चित्राच्या कामाच्या रेषा ३७७. त्या ६२५च्या ५७६ रेषांवर ताणायच्या म्हणजे एकास दीडपेक्षा जरा जास्त असं अवघड प्रमाण. त्यातून तिरक्या कडांवर लहरी येतात किंवा पायऱ्या पडतात, समान पट्ट्या येत नाहीत. हेच काम मॉनिटरवर चित्र लावून, समोर ६२५चा कॅमेरा ठेवून केलं असेल तर कडा मऊ येतात आणि कोपरे जरा काळवंडतात.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये रोमन ‘ई’चं बटण दाबत एकेक फ्रेम पुढे न्या आणि टेपवरचे ओरखडे बघा. टेपवरचा लेप जिथे उडालेला असतो तिथे एक छोटी आडवी रेघ चमकते आणि पुढच्या क्षणी नाहीशी होते. जागा दर वेळी वेगळी. बनावटीत हाच ओरखडा दहा-बारा सेकंदांनी त्याच जागी, त्याच लांबीचा परत येतो, कारण वर पसरलेला थर फिरून फिरून तोच वाजतोय. वेळ लिहून ठेवा. तीनदा जुळलं की पुढे बघायची गरज नाही.

व्हीएचएसच्या चित्राच्या अगदी तळाशी सहा-सात रेषांची वाकडी पट्टी असते; टेप वाचणारं एक हेड सोडून मशीन दुसरं घेतं तेव्हा ती येते. काही विक्रेते हिलाच पुरावा म्हणून दाखवतात. फिरत्या हेडचं कोणतंही घरगुती मशीन अशी पट्टी देतं, आणि एखादी फाइल व्हीएचएसवर चढवून परत उतरवली तरी ती येते. म्हणजे ती फक्त शेवटच्या प्रतीबद्दल सांगते. उपयोगी आहे तो तपशील वेगळाच : व्हीएचएसला आडवे तपशील जेमतेम २४० रेषांइतके धरता येतात. तरीही त्या ‘टेप’मध्ये टेबलावरच्या कागदाची अक्षरं वाचता येत असतील, तर चित्र दुसऱ्या कुठल्या तरी चांगल्या फिल्मवरून घेतलेलं आहे.

हालचालीच्या बाबतीत मात्र जपून. स्टुडिओत व्हिडिओवर झालेला कार्यक्रम सेकंदाला ५० फील्डांचा (फील्ड म्हणजे एकाआड एक रेषांचं अर्धं चित्र), म्हणून वाहता दिसतो. फिल्मवरची प्रत २५ फ्रेमांची. पंचवीसची हालचाल दिसली की लगेच ‘फिल्मवरून चोरलंय’ म्हणायची घाई अनेक जण करतात. पण सोनीच्या सीव्ही मशीनला फ्रेमचं एकच फील्ड टिपायची सवय होती, तेच दोनदा वाजायचं. उभा तपशील निम्मा आणि हालचाल पंचवीसची. अशा टेपला बनावट ठरवणं म्हणजे खरं सोनं भंगारात घालणं. फरक करायचा तर फिल्मच्या खुणा शोधा : दाणेदारपणा, चौकटीच्या कडेला अडकलेला केस, चित्राचं बारीक डुलणं. टेपला डुलणं नसतं.

आवाज ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये घ्या आणि स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांचा आलेख, लावा. ४०५च्या सेटची शीळ १०,१२५ हर्ट्झवर असते, ६२५ची १५,६२५वर. माइक टीव्हीसमोर धरला असेल तर पहिली शीळ एका सरळ रेघेसारखी दिसते. दुसरीही सोबत असेल तर घाबरू नका, ती पुढच्या प्रतीच्या वेळी आलेली असू शकते. फक्त दुसरीच असेल आणि दावा १९६६चा असेल, तर विचारा. आणि खरी शीळ सापडली म्हणूनही भुलू नका : हरवलेल्या भागांच्या अधिकृत सीडीवरचा आवाज असल्याच घरगुती टेपांचा आहे, तो चिकटवलेला असू शकतो. त्यासाठी दोन्ही आवाज एकाखाली एक ठेवा. दोन स्वतंत्र टेपरेकॉर्डर कधीच एका वेगाने चालत नाहीत. अर्ध्या टक्क्याचा फरक २५ मिनिटांत साडेसात सेकंदांवर जातो, आणि तोही एकसारखा न वाढता हेलकावत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोन्ही तंतोतंत बसले, तर तुम्ही सीडीच ऐकताय.

वाहिनीच्या खुणाही बोलतात. घरी टेप करणारा बटण थोडं आधी दाबतो, म्हणून निवेदन, घड्याळ, पृथ्वीचा गोल असं काही तरी आत येतं. बीबीसीचा आरशातला पृथ्वीगोल १९६९च्या नोव्हेंबरातला. तो १९६६च्या भागाआधी फिरत असेल, तर फसवणाऱ्याने अभ्यासही केलेला नाही. ‘बीबीसी वन’ हे नावच मुळात १९६४ साली आलं.

एवढ्या कसोट्या लावूनही खऱ्या टेपा निघतात, हे विसरू नये. ‘डॉक्टर हू’च्या ‘द डीमन्स’ या १९७१च्या कथेची बहुतेक रंगीत प्रत पुसली गेली होती. अमेरिकेत एका घरी टेप झालेल्या रंगाचा सिग्नल बीबीसीकडच्या काळ्यापांढऱ्या फिल्मवर चढवून ती १९९२ साली परत रंगीत दाखवली गेली. टेपचं चित्र मऊ होतं, म्हणून तिचा फक्त रंग घेतला आणि तपशील फिल्मचा ठेवला. अमेरिकेतच १९६७च्या पहिल्या सुपर बोलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचं, दोन इंची टेपवरचं खासगी रेकॉर्डिंग बाहेर आलं. मध्यंतर आणि तिसऱ्या क्वार्टरचा काही भाग त्यात नाही. टेप कुटुंबाची आणि सामन्याचे हक्क लीगचे, या तिढ्यात ती बराच काळ अडकली. खरी टेप अशी असते, भोकं पडलेली. अखंड, स्वच्छ आणि श्रेयनामावलीसकट पूर्ण भाग मिळाला, तर उलट जास्त संशय घ्यावा.

बनावटीचं गाजलेलं उदाहरण ‘डॉक्टर हू’च्याच ‘द टेन्थ प्लॅनेट’ या कथेच्या चौथ्या भागाचं, प्रक्षेपण २९ ऑक्टोबर १९६६. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला टोपणनावाने एका माणसाने तो आपल्याकडे टेपवर असल्याचं कळवलं. प्रत्यक्षात काही नव्हतं. त्या भागातला मालिकेच्या नायकाचा, डॉक्टरचा, चेहरा बदलण्याचा तुकडा मात्र वाचलाय, कारण ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात १९७३ साली तो दाखवला होता. या भागाची टेप म्हणून कुणी फक्त तेवढाच तुकडा झलक म्हणून देत असेल, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. झलक मागताना ज्याचं एकही चित्र शिल्लक नाही असा मधला प्रसंग मागा, ३० सेकंद, न कापता, न दाबता. सोबत रिळाचा, खोक्याच्या कडेच्या लेबलचा आणि मशीनच्या नावाच्या पट्टीचा एकाच चौकटीत फोटो. यावर उत्तर न येणं हेच सहसा उत्तर.

गुण द्यायचे तर जुळणीला दहापैकी सहा, पण किंमत शून्य असेल तरच. गोधडीला दोन. बनावटीला काही नाही. मेहनत कधी कधी खरंच दाद देण्यासारखी असते, पण विकण्यासारखी नाही.

घरात खरंच एखादं जुनं रीळ निघालं तर ते ‘एकदा बघू तरी’ म्हणून लावू नका. १९७० आणि ८०च्या दशकांतल्या बऱ्याच टेपांचा चिकटवणारा थर दमट होऊन सुटतो. पहिल्याच फेरीत तो हेडवर जमतो आणि चित्र कायमचं खरवडून जातं. कमी तापमानावर, साधारण ५० अंश सेल्सियसला, काही तास भाजून तो तात्पुरता घट्ट करता येतो, पण ॲसिटेट या जुन्या प्लॅस्टिकच्या टेपला हा उपाय चालत नाही आणि घरच्या ओव्हनचं तापमान भरवशाचं नसतं. रीळ उभं ठेवा, रेडिओ आणि स्पीकरपासून लांब, आणि त्यावरची चिठ्ठी काढू नका. मग लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी लेबलचा फोटो पाठवा.