कोकचं जुनं लाल मशीन नागपुरात दुरुस्तीला कोणाकडे द्यावं? महालातल्या फ्रिजवाल्या काकांचा रिव्ह्यू

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. दुकानाला नाव नाही, बोर्डावर नुसतं "फ्रिज, कूलर, डीप फ्रीजर रिपेअरिंग" एवढंच. महालात गांधी गेटच्या आत, बोळीत, बाहेर उघडे डीप फ्रीजर पडलेले दिसले की तेच. कार आत न्यायच्या भानगडीत पडू नका.

मशीन व्हेंडो कंपनीचं, अमेरिकेत कॅन्सस सिटीची कंपनी, १९५० च्या दशकातला माल. खाली लाल, वर पांढरं, नाणं टाकून काचेची बाटली काढायची. आपल्याकडच्या भंगारात हे सहसा सापडत नाही, कोकाकोला १९७७ ला देश सोडून गेली ती १९९३ लाच परत आली, आणि तसंही नाणं टाकून बाटली घ्यायची आपल्याला सवय कुठे होती, पानठेलेवाला बर्फाच्या पेटीतून काढून फोडून देणार, विषय संपला. म्हणून मी मुंबईला चोर बाजारातून उचललं. विकणारा म्हणे वर्किंग कंडिशन. वर्किंग म्हणजे आतला लाईट लागत होता. तिथून ट्रकने नागपूरजवळच्या वाडीला आणि वाडीहून घरी, उतरवायला चार माणसं लागली.

आता मेन मुद्दा. बाकी ज्यांना ज्यांना दाखवलं ते सगळे आधी कलरवर बोलले. काकांनी कलरकडे बघितलंच नाही, खाली बसून पाट्या खोलल्या, कॉम्प्रेसरची प्लेट फडक्याने पुसली आणि वाचली, ११५ व्होल्ट, ६० सायकल (म्हणजे ६० हर्ट्झ). मी म्हटलं काका स्टेपडाऊन, म्हणजे व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर, लावून घेऊ ना, सगळे तेच सांगून राहिले. तर म्हणे, "भाऊ, व्होल्ट कमी करशीन, पण सायकल कुठून आणशीन? आपली लाईन ५० ची हाये. मे महिन्यात जाईन हा कॉम्प्रेसर."

मग त्यांनी हिशोब सांगितला तो मला फार आवडला. ६० ला ११५ व्होल्ट, तर ५० ला त्याच प्रमाणात साधारण ९६ च व्होल्ट पाहिजेत. स्टेपडाऊन देतो ११०. म्हणजे मोटर जास्त करंट खाणार, तापणार, आणि वरून फिरणार एक षष्ठांश हळू, म्हणजे थंड करणार कमी. एखाद्या थंड हॉलमध्ये कसंबसं चालून जाईलही, पण आपल्या इथे २०१३ च्या मे मध्ये पारा ४७.९ ला गेला होता बाप्पा. शिवाय जुन्या सिस्टीममध्ये आर-१२ गॅस, तो २०१० पासून बंद, आणि त्याचं मिनरल ऑईल आर-१३४ए या नव्या गॅससोबत चालत नाही, त्यामुळे "जुन्यातच नवीन गॅस भरून देतो" म्हणणारा भेटला तर नमस्कार करून निघा.

तर काकांनी २३० व्होल्टचा नवा कॉम्प्रेसर टाकला, कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) मुद्दाम एक नंबर मोठा आणि त्याला पंखा, कॅपिलरी (गॅसची बारीक नळी) नवी, फिल्टर नवा. आतली कॉईल ओरिजिनलच ठेवली पण धुऊन काढून लीक बघायला नायट्रोजन मारून रात्रभर प्रेशरवर ठेवली. गॅस भरण्याआधी आतली हवा ओढून काढायच्या व्हॅक्यूमलाही घाई केली नाही, हे लिहितो कारण अर्धे मेकॅनिक तिथेच घाई करतात. मागच्या बाजूची काचलोकर ओली होऊन तिने तळाचा पत्रा खाल्ला होता, तो कापून नवा जोडला आणि लोकरीच्या जागी पीयूएफची (फोमची) शीट. दाराचं रबर डीप फ्रीजरचं कापून बसवलं, मस्त चिकटतं. जुना कॉम्प्रेसर पोत्यात बांधून परत दिला, म्हणे ओरिजिनल हाये, फेकू नको, विकताना कामात येईन.

कूलिंगला पाचपैकी पाच.

नाण्याची भानगड वेगळीच. हे मशीन निकेलवर चालतं, निकेल म्हणजे अमेरिकेचं ५ सेंटचं नाणं, २१.२ मिलिमीटर, ५ ग्रॅम. तिकडे कोक १८८६ पासून १९५९ पर्यंत ५ सेंटलाच मिळायचं, त्याचं एक कारण ही मशीनच, ती एकच नाणं घ्यायची, म्हणून भाव वाढवायचा तर एकदम १० सेंट करावा लागणार. कंपनीच्या वूडरफने १९५३ मध्ये थेट प्रेसिडेंट आयझेनहॉवरला साडेसात सेंटचं नाणं काढा म्हणून सुचवलं होतं, काय हिंमत. आपल्या रुपयाची गंमत अशी की २०११ नंतरचं नाणं मापाने निकेलच्या जवळ जातं, पण आहे स्टीलचं, आणि मशीनच्या आत खोटी लोखंडी नाणी पकडायला चुंबक बसवलाय. रुपया टाकला की चिकटला. काका म्हणाले चुंबक काढून टाकतो, मी नको म्हटलं, मग त्यांनीच हिंगणा एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे पाठवलं, त्याने पितळेची टोकन कापून दिली, वजन ५ ग्रॅमच्या आसपास येईपर्यंत घासली. आता खटाखट चालतात. पाहुण्यांच्या पोरांना टोकन वाटतो, परत गोळा करणं हे एक कामच होऊन बसलंय.

आता नाराजी. कलर. काका स्वतः करत नाहीत, ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे पाठवतात आणि तो माणूस कारचा. लाल हवा होता कोकचा, आला टोमॅटोचा. वरून अक्षरं उठावाची आहेत, त्यांच्या कडा नीट मास्क केल्या नाहीत, जवळून बघितलं की पांढरा लालमध्ये घुसलेला दिसतो. माझं म्हणणं, मशीन काकांकडे जाण्याआधीच कलरची सोय वेगळी करा, पीयू (पॉलीयुरेथेन) पेंट मारून घ्या आणि अक्षरं हाताने बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून काढा, असे दोन-चार अजून शिल्लक आहेत शहरात. आणि सँडब्लास्टिंगला हो म्हणू नका, बाहेरचा पत्रा पातळ असतो, लहरी येतात, केमिकलने जुना रंग उतरवणं बरं.

काकांच्या बाकी सवयी: फोन उचलत नाहीत, बिल कच्चं, वॉरंटी तोंडी. पण दिवाळीनंतर गॅसचा एक बारीक लीक निघाला तर स्वतः स्कूटरवर सिलेंडर घेऊन घरी आले आणि पैसे घेतले नाहीत. मजुरी आणि सामान मिळून मला २६ हजारांच्या आत पडलं, कलर सोडून.

बाटलीचं सांगायचं राहिलं. माझ्या मशीनचे कप्पे साडेसहा औंसाच्या म्हणजे १९२ मिलीच्या बाटलीसाठी आहेत, आपली २०० ची काचेची बसते, ३०० ची विसरा. मी तर थम्सअपच भरतो, कोक गेल्यावर १९७७ लाच आलेलं, आणि चवीतही तेच बाजी मारतं. बघणारे शुद्धतावादी लोक चिडतात, चिडू द्या.

द्यायचं असेल तर दिवाळी ते जानेवारी या काळात द्या. होळी झाली की काकांच्या दारात कूलर आणि डीप फ्रीजरची लाईन लागते, मग तुमचं मशीन पावसाळ्यापर्यंत ताडपत्रीखाली.